हिवाळ्यातील सकाळ अंगणात कशी घालवावी : पाणी, पाखरे आणि रोजचा फेरफटका

इंदूरचा हिवाळा फार लांब नसतो. दिवाळी आटोपली की चादरीच्या जागी रजई येते, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते आणि होळीपर्यंत हवा पुन्हा तापू लागते. मधल्या या तीन-साडेतीन महिन्यांत समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या माळव्याच्या पठारावर कोरडी, स्वच्छ ऊन असलेली हवा असते आणि हिमालयातून व त्याच्याही पलीकडच्या प्रदेशांतून आलेले पक्षी आपल्या घराच्या कुंपणावर येऊन बसतात. पक्षी पाहायला कुठे जावे, असे बरेच लोक विचारतात. माझे उत्तर असे की पहिले पंधरा दिवस कुठेही जाऊ नये. आपल्याच अंगणात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसायला शिकावे. बाकीचे सगळे त्यानंतर सोपे होते.

जागा आणि वेळ ठरवणे

डिसेंबरच्या अखेरीस इंदूरात सूर्य सातच्या थोडा पुढे उगवतो, परंतु अंगणात ऊन उतरायला आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. पक्ष्यांची खरी वर्दळ ऊन झाडांच्या शेंड्यांवर पडल्यापासून पुढे तासभर असते, कारण थंड रात्रीत खर्ची पडलेली ऊब त्यांना भरून काढायची असते. म्हणून साडेसात ते साडेआठ ही वेळ धरावी. बसण्याची जागा अशी निवडावी की पाठीमागे भिंत असेल आणि ऊन आपल्या पाठीवर येईल. म्हणजे समोरचा पक्षी उजेडात दिसतो आणि आपल्या हालचालीची आकृती आकाशावर उमटत नाही.

नुसते बसून राहणे बहुतेकांना जमत नाही. पाच मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. त्यावर आमच्या घरी सापडलेला उपाय साधा आहे : घरातले बसून करायचे काम त्या वेळी अंगणात न्यावे. हिवाळ्यात मटार सोलायचे असतात, मेथी निवडायची असते, संक्रांतीचे तीळ पाखडायचे असतात. सासूबाई रोज सकाळी ओट्यावर सूप घेऊन बसत, आणि त्यांच्यापासून चार हातांवर दयाळ पक्षी निर्धास्तपणे उतरत असे. मी घरातून बाहेर आले की तो उडून जाई. मला हे कळायला एक हिवाळा गेला की त्या तिथे रोज असत आणि मी कधीतरी येत असे. पक्ष्याला शांत माणसापेक्षाही नेमाचे माणूस चालते. सूप, टोपली, शाल, बसायचा पाट या सगळ्या वस्तू रोज त्याच ठेवाव्यात आणि उठताना एकदम उठू नये.

पाण्याचे भांडे

दाण्याच्या आधी पाण्याची सोय करावी. पाणी उन्हाळ्यातच ठेवायचे असते असा समज आहे, तो बरोबर नाही. आपल्याकडे पाऊस सप्टेंबरअखेर थांबतो, त्यानंतर डबकी आटत जातात. शिवाय पक्ष्यांची थंडीतली ऊब पिसांमध्ये अडकलेल्या हवेवर अवलंबून असते आणि पिसे स्वच्छ, नीट बसलेली असली तरच ती हवा टिकते. म्हणून कडाक्याच्या थंडीतही बुलबुल आणि साळुंक्या अंघोळ करताना दिसतात.

भांडे म्हणून मातीचे पसरट परळ सर्वांत चांगले. इथल्या बाजारात सकोरा म्हटले की मिळते. ते साधारण हातभर नसले तरी वीतभराहून बरेच मोठे, म्हणजे ३० ते ३५ सेंटीमीटर रुंद असावे आणि मध्यभागी पाणी चार-पाच सेंटीमीटरपेक्षा खोल नसावे. स्टीलचे किंवा प्लास्टिकचे गुळगुळीत भांडे टाळावे, कारण त्यावर पक्ष्यांचे पाय घसरतात. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे शिंपी आणि सूर्यपक्ष्यासारख्या लहान पाखरांना पाण्याच्या काठावर उतरता येते.

भांडे कुठे ठेवावे याला फार महत्त्व आहे. पहिल्या वर्षी मी ते मोगऱ्याच्या झुडपाला अगदी लागून ठेवले, पक्ष्यांना आडोसा मिळेल या विचाराने. त्या आडोशात शेजारची मांजर दबा धरून बसली आणि ओल्या पिसांनी जड झालेला एक बुलबुल तिने डोळ्यांदेखत नेला. तेव्हापासून भांडे कमरेइतक्या उंचीच्या दगडी ठोकळ्यावर आणि झुडपापासून किमान दोन मीटर अंतरावर असते. भिजलेल्या पक्ष्याला उडून फांदीवर जाता यावे इतके ते झाडाजवळ असावे, आणि मांजरीला एका झेपेत गाठता येऊ नये इतके दूर असावे.

पाणी रोज बदलावे आणि भांडे नारळाच्या शेंडीने घासावे. साबण लावू नये. रोज बदललेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वाढत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यांच्या तक्रारीलाही जागा राहत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅलरीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, खाली पडणार नाही अशा रीतीने भांडे ठेवावे, कृती तीच.

दाणा किती आणि कोणता

दाणा मूठभर पुरे. ज्वारी, बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी यांपैकी काहीही चालते. तासाभरात संपेल एवढेच टाकावे. जास्त टाकल्यास पारवे येतात, आणि एकदा पारव्यांचा थवा बसू लागला की चिमण्या आणि मुनिया तिकडे फिरकत नाहीत. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसांच्या फुप्फुसांना अपायकारक असते, तेव्हा ज्यांच्या घरी दम्याचे रुग्ण आहेत त्यांनी दाण्याच्या भानगडीत न पडता फक्त पाणी ठेवावे. इंदूरच्या घरात शेव आणि पोहे नेहमीचेच, परंतु मीठ-मसाल्याचे, तळलेले काहीही पक्ष्यांना घालू नये. पावही नको, त्याने पोट भरते, पोषण होत नाही.

पाचोळ्याचा एक कोपरा

हा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. दयाळ, शिंपी, थिरथिऱ्या, धोबी, सातभाई हे अंगणातले बहुतेक देखणे पक्षी मुख्यतः किडे खाणारे आहेत. आपण टाकलेल्या ज्वारीकडे त्यांतले काही ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांचे ताट म्हणजे झाडाखालचा पाचोळा. आपले शहर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत आहे, त्याचा अभिमान मलाही आहे, आणि त्या शिस्तीतच पाचोळ्याची पोती भरून रोज दारात ठेवायची सवय आपल्याला लागली आहे. रस्ता जरूर झाडावा, ओटा झाडावा, तुळशीपुढचे अंगण सारवावे. पण कुंपणाजवळचा, चार बाय सहा फुटांचा एक कोपरा होळीपर्यंत झाडू नये. तिथे आंब्याची, पेरूची, कडुनिंबाची गळलेली पाने साठू द्यावीत आणि आठवड्यातून एकदा हाताने थोडे पाणी शिंपडावे. पाने जाळू तर मुळीच नयेत.

दोन-तीन आठवड्यांत त्या कोपऱ्यात सातभाईंची टोळी येऊ लागते. ते एकेक पान चोचीने उलटतात, खाली पाहतात, मग पुढचे पान. सारा वेळ आपसांत कलकलाट चालू असतो. टोळी निघून गेली की ओलसर माती उघडी पडते आणि मग दयाळ उतरतो. जानेवारीअखेर त्या कोपऱ्यात हात घालून पाहावा : खालची पाने काळी, भुसभुशीत झालेली असतात, आणि उन्हाळ्यात कुंड्यांना घालायला खत आयते मिळते.

कोणाची वाट पाहावी

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पाच-सहा पक्षी पक्के ओळखावेत, यादी वाढवण्याची घाई करू नये. लालबुड्या बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी आणि भारद्वाज हे बारा महिने येथेच राहणारे. यांपैकी भारद्वाज हिवाळ्यात विशेष पाहण्यासारखा असतो. कोवळे ऊन पडले की तो कुंपणाच्या भिंतीवर येऊन पाठ उन्हाकडे करतो, विटकरी पंख अर्धवट पसरतो आणि मान कलती ठेवून लाल डोळा मिटतो-उघडतो. अशा वेळी तो दहा-दहा मिनिटे हलत नाही, आणि एरवी लाजाळू असलेल्या या पक्ष्याच्या पाठीवरचे प्रत्येक पीस मोजता येईल इतका वेळ आपल्याला मिळतो.

जांभळा सूर्यपक्षी अनेकांना हिवाळ्यात ओळखू येत नाही. विणीचा हंगाम संपल्यावर नराची चमकदार निळी-जांभळी झळाळी उतरते आणि तो मादीसारखा पिवळट-तपकिरी दिसतो. फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत काळसर पट्टा राहतो. शेवग्याला फुले आली की तो तिथे हमखास येतो. आठवड्याला एकदा त्याच्याकडे नीट पाहिल्यास खांद्यावर, मग डोक्यावर ठिपक्याठिपक्यांनी निळी झळाळी परतताना दिसते.

पाहुण्यांपैकी थिरथिऱ्या आणि पांढरा धोबी हे दोघे घराजवळ येणारे. धोबी मोकळ्या जमिनीवर तुरुतुरु धावतो आणि शेपटी वर-खाली आपटतो. थिरथिऱ्या चिमणीएवढा, नर काळपट आणि पोटाशी नारिंगी, मादी तपकिरी. बसल्या जागी त्याची तांबूस शेपटी सतत थरथरते, त्यावरूनच नाव पडले. तो ऑक्टोबरच्या सुमारास येतो, बहुधा हिवाळाभर एकच आवार धरून राहतो आणि दुसऱ्या थिरथिऱ्याला तिथे टिकू देत नाही. म्हणजे आपल्या कुंपणावरचा थिरथिऱ्या खरोखरच 'आपला' असतो.

फेरफटका

अंगणातले पक्षी ओळखीचे झाले की चालायला निघावे. रोज नवी वाट धरू नये. एकच दीड-दोन किलोमीटरची वाट महिनाभर चालावी, म्हणजे कोणत्या वडावर राखी धनेश येतो आणि कोणत्या तारेवर खाटीक बसतो हे पाठ होते. रेसिडेन्सी भागातील जुन्या झाडांखालचे रस्ते यासाठी उत्तम आहेत. मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे, कानटोपी आणि दवाने भिजले तरी चालतील असे कॅनव्हासचे बूट एवढी तयारी पुरते. दुर्बीण घ्यायची झाल्यास ८×४२ ची घ्यावी : आठपट मोठे दिसते आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगांमुळे सकाळच्या मंद उजेडातही चित्र स्पष्ट राहते. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते.

रविवारी सिरपूर तलावावर जावे. धार रस्त्यावरचा हा होळकरकालीन तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर या दोन्ही पाणथळ जागांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींचा दर्जा मिळाला. सिरपूरला सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते आणि थापट्याची रुंद चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, चक्रवाकाचा केशरी रंग वेगवेगळा ओळखता येतो. यशवंत सागर मध्य भारतातील सारस क्रौंचांचा महत्त्वाचा आसरा आहे; तिथे शेतांच्या बांधांवरून चालताना जोडीपासून बरेच अंतर ठेवावे आणि फोटोसाठी पुढे सरकू नये. ज्यांना थोडी चढण हवी असेल त्यांनी रालामंडल अभयारण्याच्या टेकडीवर, होळकरांच्या जुन्या शिकारगृहापर्यंत जावे. परतल्यावर भूक सपाटून लागते. तळलेल्या गराडूवर (हा माळव्यात हिवाळ्यात मिळणारा कंद) मसाला आणि लिंबू घालून तो गरमच खावा.

संक्रांतीच्या आठवड्यात

१४ जानेवारीच्या आगेमागे पतंग उडतात आणि मांजा झाडांत अडकून महिनोन्‌महिने तसाच राहतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. घरातल्या मुलांना सुती दोराच आणून द्यावा आणि पक्षी थव्याने उडतात त्या पहाटेच्या व सूर्यास्ताच्या वेळी पतंग उतरवायला सांगावे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काठीला आकडा बांधून आपल्या आवारातला सगळा मांजा काढावा, त्याचे बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाकावा. जखमी पक्षी सापडल्यास त्याच्यावर सुती कापड टाकून अलगद उचलावे, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात व उबेत ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये आणि लगेच वनविभागाला किंवा पशुवैद्यकाला कळवावे. गुंडाळलेला दोरा स्वतः ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याने पंखाची जखम वाढते.

वही

एक साधी दोनशे पानी वही ओट्याजवळच्या कोनाड्यात ठेवावी आणि रोज तारीख, वेळ, हवा, पक्ष्याचे नाव आणि संख्या एवढे लिहावे. नाव माहीत नसल्यास आकार, रंग आणि तो काय करत होता ते लिहावे. शेपटी कशी हलवत होता हे लिहून ठेवले तर अर्धी ओळख तिथेच होते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतीच्या पक्ष्यांची गणना होते, त्यात किमान पंधरा मिनिटे मोजलेली यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरता येते; तोवर वहीमुळे हाताला सराव झालेला असतो.

पाहुणे येतात तो दिवस सहज टिपला जातो, जातात तो दिवस मात्र निसटतो, कारण शेवटचा दिवस शेवटचा आहे हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून मार्च उजाडला की थिरथिऱ्याच्या नावापुढे रोज न चुकता 'आहे' एवढा एक शब्द लिहीत जावा.