रोमला एका दिवसासाठी निघताना

मामी काल फोनवर म्हणाली, "तो बोलोन्याहून एकटाच रोमला चाललाय, त्याला जरा यादी करून दे गं." बसले करायला. पण एकाखाली एक वीस ओळी लिहिल्या की त्यातल्या तू तीन वाचतोस, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून सलगच लिहिते. एकदा पूर्ण वाच, मग हवं तर बाजूला खुणा कर.

पंचवटीत आपण लहानपणापासून यात्रेकरू बघत आलोय. रिक्षावाला त्यांना रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असं दोन-तीन तासांत फिरवून आणतो, आणि संध्याकाळी विचारलं तर त्या माणसांना सीतागुंफेत वाकून वाकून दुखलेली कंबर तेवढी आठवते. रोमला तू तसा जाऊ नकोस. तेव्हा पहिली तयारी म्हणजे खोडाखोड. व्हॅटिकन खोड. नुसतं तिथलं संग्रहालय अर्धा दिवस खातं, आणि सिस्टिन चॅपेलच्या छताखाली घड्याळ बघत उभं राहायचं असेल तर न गेलेलं बरं. तुझी अजून दीड वर्षं आहेत तिथे, पुन्हा जाशील. या खेपेला सकाळी कोलोसियम आणि शेजारचा फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), दुपारी जेवण, मग पायी पॅन्थिऑन, नवोना चौक, त्रेवीचं कारंजं आणि परत टर्मिनी स्टेशन. बास.

वार नीट निवड. इटलीत रेल्वे-बसचे संप बऱ्याचदा शुक्रवारी असतात आणि आधी जाहीर होतात. 'शोपेरो' हा शब्द टाकून तारीख तपास. शनिवारी ज्यू वस्तीतली कोशर, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे चालणारी, खानावळ बंद, आणि तुझं जेवण मी तिथेच ठरवलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं. फुकट म्हटलं की आपले कान टवकारतात, पण त्या दिवशीची रांग पर्वणीच्या रांगेसारखी असते. मंगळवार किंवा बुधवार बघ.

तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात. अधिकृत संकेतस्थळावरूनच घे, कारण दलाल तेच तिकीट दुप्पट भावाने विकतात. कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन टेकडी मिळून १८ युरो. विद्यार्थी म्हणून सवलत मिळेल या आशेवर राहू नकोस. २ युरोचं तिकीट युरोपीय संघाच्या १८ ते २५ वयाच्या नागरिकांना आहे, तुझ्या ओळखपत्राचा तिथे उपयोग नाही. तिकिटावर नाव असतं आणि दारात ते पडताळतात, म्हणून पासपोर्टवर जसं आहे तसंच टाक. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, आडनाव कधी पुढे कधी मागे, त्यात घोळ होतो. पासपोर्ट किंवा राहण्याच्या परवान्याचं मूळ कार्ड जवळ हवं, मोबाइलमधला फोटो नव्हे.

रेल्वेचं तिकीट वेगवान गाडीचं असेल तर चिंता नाही, त्यावर गाडी आणि जागा छापलेली असते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. मी पहिल्याच महिन्यात ते विसरले होते. तपासनीसाला माझं हसतमुख तोंड दाखवून काही उपयोग झाला नाही, दंड भरला. रोममध्ये मेट्रो-बसचं दीड युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं, पण त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. टर्मिनीहून कोलोसियम 'बी' मार्गावर दुसरंच स्टेशन आहे.

पिशवी लहान घे, दप्तर नको. काचेची बाटली कोलोसियममध्ये नेऊ देत नाहीत, स्टीलची घे. बूट जुने, पायाला सरावलेले. रोमचे रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, नव्या बुटांनी दुपारपर्यंत टाचा सोलून निघतात. मार्चातही खांदे आणि गुडघे झाकलेले असू देत, कारण पॅन्थिऑन हे आजही चर्च आहे. सुटी नाणी भरपूर ठेव. स्वच्छतागृहाला लागतात, आणि नवोना चौकाजवळच्या सान लुईजी देई फ्रांचेसी चर्चमध्ये काराव्हाज्जोच्या तीन चित्रांवरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागतो. दिवा विझला की पुढचा माणूस नाणं टाकेपर्यंत सगळे अंधारात गप्प उभे. तू टाक, पुण्य लागेल. ते चर्च दुपारी बंद असतं, अडीचनंतर जा.

पाणी विकत घ्यायचं नाही. रस्तोरस्ती लोखंडी खांबासारखे नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, १८७४ पासून बसवलेले, पाणी सतत वाहतं आणि पिण्याचंच असतं. तोटीला खालून बोट लावून दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उसळते, ओणवं न होता पिता येतं. त्यांना तिथे 'नासोनी' म्हणतात, म्हणजे मोठी नाकं, तोटीच्या आकारावरून. शूर्पणखेच्या नाकावरून ज्या गावाचं नाव पडलं म्हणतात, त्या गावातल्या पोराला हे वेगळं सांगायला नको. माझ्या वर्गातल्या मुलींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा नाक कापलं या भागावर त्या फार नाराज झाल्या.

आता खाणं. सकाळी कॉफी काउंटरपाशी उभ्यानंच पी, सव्वा युरोच्या आसपास पडते. खुर्चीत बसलास की दर बदलतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते, आपल्या स्टेशनवरच्या कँटीनसारखं. कापुचिनो सकाळीच. जेवणानंतर मागितलीस तर देतात, पण आमरसावर चहा मागितल्यासारखं बघतात. सोबत मारितोत्सो घे, मधोमध चिरून मलई ठासलेला पाव. नाकाला लागतेच, रुमाल ठेव.

तू अंडं खातोस, मांस नाही, म्हणून हे नीट लक्षात ठेव. कार्बोनारात अंडं असतं, पण त्यात डुकराच्या गालाचं मांसही असतं. अमात्रिचानातही तेच. काच्यो ए पेपे म्हणजे चीज आणि काळी मिरी, दिसायला बिनमांसाचं, पण पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. चालेल की नाही हे तू आत्ता घरी ठरव, तिथे भुकेल्या पोटी ठरवू नकोस. सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा, आत चीज असतं आणि पुष्कळदा खिमाही, विचारून घे. सगळ्यात फसवी म्हणजे भोपळ्याच्या फुलांची भजी. आजीच्या हातची आठवली आणि मी विचारलंच नाही. आत चीजबरोबर खारवलेली मासोळी होती. तेव्हा "सोनो वेजेतारियानो" एवढ्यावर थांबू नकोस. "सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोश्शुत्तो, सेन्झा पेशे" असं मांस, हॅम, मासे वेगवेगळं म्हण. चार वेळा मोठ्याने म्हणून बघ.

दुपारचं जेवण ज्यू वस्तीत. १५५५ मध्ये पोपच्या हुकुमाने रोममधल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं, तीच ही जागा. तिथली खासियत म्हणजे आख्खं आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी भाजी) दोनदा तळून फुलासारखं उमललेलं, पाकळ्या कुरडईसारख्या कुरकुरीत. मार्च म्हणजे त्याचा हंगाम. एकाने पोट भरत नाही, म्हणून नंतर पिझ्झा आल तालियो घे. मोठ्या तव्यातला चौकोनी पिझ्झा, कुठे कापायचा ते तू बोटाने दाखवायचं, ते वजन करून देतात. 'उन एत्तो' म्हणजे १०० ग्रॅम. बटाट्याचा मागच. आइस्क्रीम घेताना पिस्त्याचा रंग बघ. झगझगीत हिरवा असेल तर पुढच्या दुकानात जा.

मामीने दिलेला मकई चिवडा गाडीतच संपव. कारंज्याच्या कठड्यावर बसून डबा उघडणं तिथे महाग पडू शकतं, आणि स्पॅनिश पायऱ्यांवर तर २०१९ पासून नुसतं बसलं तरी दंड आहे.

पॅन्थिऑनचं तिकीट ५ युरो. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर, मधोमध उघडं भोक, पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून जातो. हा घुमट दुसऱ्या शतकातला, आणि आपल्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेखही त्याच शतकातला. दहा मिनिटं तरी भिंतीशी टेकून वर बघत राहा. नवोना चौकात बर्निनीचं १६५१ चं कारंजं आहे, चार कोपऱ्यांवर चार नद्या: नाईल, डॅन्यूब, ला प्लाता आणि गंगा. गंगा तिथे दाढीवाला पुरुष आहे, हातात वल्हं. गोदाकाठच्या माणसाला पचायला जड जातं. फोटो काढून मामीला पाठव.

पाकीट पुढच्या खिशात. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे, तुझ्या वाटेत ती येतच नाही. कोलोसियमबाहेर कुणी "भेट" म्हणून मनगटावर दोरा बांधायला आला तर हात खिशात घाल. रामकुंडावर कपाळाला गंध लावून मग दक्षिणा मागतात, तोच प्रकार.

परतीची गाडी साडेसातच्या आधीची घेऊ नकोस, त्रेवी दिवे लागल्यावर बघायचं आहे. पण इथलं घड्याळ मार्चात साडेचार तास पुढे असतं. तू दहाला बोलोन्यात उतरशील तेव्हा नाशिकला अडीच वाजलेले असतील, आणि मामी जागीच असेल. गाडीत बसलास की एक मेसेज टाक, पोचलास की दुसरा. पहिला टाकून झोपलास तर ती मला फोन करते.