लिंबूटिंबू संघाची विनोदी पटकथा लिहिताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी आणि सगळीकडे दिसणारी चूक म्हणजे, अंतिम सामना जिंकला की आयुष्यात घसरलेला नायक किंवा प्रशिक्षक सावरला असं धरून चालणं. करंडक संघाला मिळतो, माणूस सावरतो तो त्याच्या निर्णयामुळे. ज्या मोहापायी तो एकदा घसरला, तोच मोह शेवटी पुन्हा समोर आला पाहिजे आणि या वेळी त्याने तो नाकारला पाहिजे.

‘द बॅड न्यूज बेअर्स’ (१९७६) या बेसबॉलपटाचा शेवट नीट पाहा. पहिल्या सामन्यात बेअर्स या पोरांच्या संघाला एकही खेळाडू बाद करता येत नाही. २६-० असा मार खाल्ल्यावर दारुडा प्रशिक्षक बटरमेकर सामना सोडून देतो. पुढे दोन तयार खेळाडू मिळतात, संघ जिंकू लागतो आणि बटरमेकरला जिंकण्याची चटक लागते. अंतिम सामन्यात तर तो एका पोराला चेंडू मुद्दाम अंगावर घ्यायला लावतो, कारण चेंडू लागला की फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. तेवढ्यात समोरचा प्रशिक्षक मैदानातच स्वतःच्या मुलाच्या थोबाडीत मारतो. आपणही त्याच वाटेने चाललोय हे बटरमेकरला कळतं आणि तो बाकावरच्या कच्च्या पोरांना खेळायला पाठवतो. ज्याला कुणी मोजत नव्हतं तो ल्युपस झेल घेतो. संघ ७-६ असा हरतो, पण शेवट जराही उणा वाटत नाही.

म्हणून मी आधी दोनच प्रसंग लिहितो. ११० पानांच्या पटकथेत घसरण साधारण २५व्या पानावर आणि तोच पेच ९०व्या पानाच्या आसपास. माणसं तीच, पणाला लागलेली गोष्ट तीच, फक्त निर्णय वेगळा. हे दोन जमेपर्यंत विनोदांना हात लावायचा नाही. नवे लेखक धीर धरत नाहीत, ४० पानं विनोद लिहितात आणि मग शेवट शोधत बसतात.

दुसरी चूक सरावाच्या गाण्याची. तीन मिनिटांचं गाणं संपतं आणि काल धडपडणारा संघ एकदम तरबेज होतो! ही पळवाट मला अजिबात मान्य नाही. एकच कौशल्य निवडा आणि ते तीनदा दाखवा: आधी पूर्ण फसलेलं, मग अर्धवट जमलेलं, शेवटी दडपणाखाली. कबड्डीत तर नियमच दुबळ्या संघाच्या मदतीला येतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना चढाईपटूला पकडलं, तर सुपर टॅकलचा एक जादा गुण मिळतो. सरावात कोपऱ्यातला गडी घोटा धरायला जातो, बाजूचाही त्याच क्षणी झेपावतो, दोघांची डोकी आपटतात आणि चढाईपटू चालत परत जातो. आधी कुणी जायचं हे यातून प्रेक्षकालाही कळतं. अंतिम सामन्यात मग समालोचकाला काही समजावावं लागत नाही.

नियम सुरुवातीलाच आणि हसवत सांगा. ‘डॉजबॉल’मध्ये (२००४) त्यासाठी जुनाट शैक्षणिक फिल्म वापरली आहे.

अख्ख्या संघाला पूर्वकथा देऊ नका, चार-पाच चेहरे पुरतात.

प्रतिस्पर्धी नुसता दुष्ट नको, खेळात खरोखर सरस हवा.

जाडेपणावर किंवा तोतरेपणावर विनोद नकोतच. ज्याला पहिल्या अर्ध्या तासात हसण्यावारी नेलं, त्याच्यासाठी शेवटी प्रेक्षकाने जीव टाकावा ही अपेक्षा चुकीची आहे.

आणि शेवटच्या मिनिटाला पंचांच्या चुकीने किंवा पावसाने सामना फिरत असेल, तर ते पान फाडा. योगायोगाने नायक अडचणीत आला तर चालतं, सुटला तर नाही.