जिनिंगच्या आवारात एलएलडीपी : प्रत्येक स्विचला आपला शेजारी सांगायला लावण्याची पद्धत

कापसाच्या हंगामात धरमकाट्याचा संगणक कार्यालयाशी बोलेनासा झाला, की ट्रॅक्टर आणि बंड्यांची रांग बघता बघता फाटकाबाहेर जाते आणि पहाटेच घरून निघालेला शेतकरी वजनाच्या पावतीसाठी उन्हात ताटकळत बसतो. हिंगणघाट तालुक्यातील अशाच एका जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातील नेटवर्क मी सांभाळतो. काटा, कार्यालय, रेच्यांची (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची) शेड, प्रेस आणि सरकीचे गोदाम एकमेकांपासून दूर आहेत. केबल टाकणारा माणूस केव्हाच काम सोडून गेला आणि त्याने काढलेला नकाशाही कोणाजवळ उरला नाही. अशा ठिकाणी कोणती वायर कोठे जाते हे स्विचलाच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या उपकरणालाच, विचारता यावे, यासाठी एलएलडीपी (लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणाने शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगण्याचे ठरलेले नियम) नीट बसवून ठेवणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

एलएलडीपी हा आयईईई या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१एबी या मानकातील प्रोटोकॉल असून ते मानक प्रथम २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक उपकरण ठरावीक वेळाने आपली ओळख सांगणारी एक छोटी फ्रेम, म्हणजे माहितीचे पाकीट, प्रत्येक पोर्टमधून (वायर जोडण्याच्या खाचेतून) बाहेर पाठवते. त्या फ्रेममध्ये उपकरणाची ओळख, पोर्टची ओळख आणि ही माहिती किती सेकंद ग्राह्य धरावी याची मुदत असावीच लागते. उपकरणाचे नाव, पोर्टचे वर्णन आणि व्यवस्थापनाचा आयपी पत्ता हे ऐच्छिक असले तरी आपल्या कामाचे खरे तेच असतात. मानक पाळणारा स्विच ही फ्रेम स्वतःपाशीच ठेवतो, पुढे पाठवत नाही, आणि आलेल्या फ्रेमवरून शेजाऱ्यांचा तक्ता बनवतो, म्हणून तक्त्यात दिसणारा शेजारी हा थेट वायरीच्या दुसऱ्या टोकाचाच असतो. सिस्को या स्विच बनवणाऱ्या कंपनीचा सीडीपी हेच काम करतो, परंतु तो त्या कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे, आणि गावाकडच्या आवारात चार कंपन्यांचे स्विच एकत्र नांदत असल्याने एलएलडीपीच धरून चालणे बरे.

प्रोटोकॉल सुरू करण्याच्या आधी नावे द्यावीत, हा माझा आग्रह आहे. सगळे स्विच ‘स्विच’ याच मूळ नावाने राहिले, तर तक्ता भरतो पण त्यातून काही कळत नाही. प्रत्येक स्विचला जागेवरून नाव द्यावे, जसे ‘काटा-१’ किंवा ‘प्रेस-१’, आणि महत्त्वाच्या पोर्टच्या वर्णनात वायर कोठे जाते व फायबरची कोणत्या रंगांची जोडी वापरली आहे तेही लिहावे. व्यवस्थापनाचा आयपी पत्ताही याच वेळी द्यावा.

पुढील आज्ञा सिस्कोच्या स्विचवरील असून येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच कराव्या लागतात. कॉन्फिगरेशन मोडमध्ये (स्विचची मांडणी बदलण्याच्या अवस्थेत) जाऊन पहिली आज्ञा द्यावी :

एलएलडीपी रन

या स्विचवर एलएलडीपी मुळात बंद असतो. ही एक आज्ञा दिली की सर्व पोर्टवर पाठवणे आणि ऐकणे दोन्ही सुरू होते. फ्रेम दर ३० सेकंदांनी जाते आणि माहितीची मुदत १२० सेकंद असते. हे आकडे बदलण्याचे कारण मला आजवर पडलेले नाही; बदलायचेच असतील तर मुदत ही पाठवण्याच्या अंतराच्या काही पट राहील हे पाहावे, नाहीतर एखादी फ्रेम हुकताच शेजारी तक्त्यातून नाहीसा होईल. ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर ‘सेट प्रोटोकॉल्स एलएलडीपी इंटरफेस ऑल’ अशी आज्ञा देऊन कमिट करावे, म्हणजे बदल लागू करावा लागतो. काम झाले की कॉन्फिगरेशन त्याच बैठकीत जतन करावे. आपल्याकडे लाईट केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि जतन न केलेली मेहनत यूपीएसच्या बॅटरीबरोबरच संपते.

आता ‘शो एलएलडीपी नेबर्स’ ही आज्ञा दिली की कोणत्या पोर्टवर कोण आहे आणि त्याचे कोणते पोर्ट आपल्याला जोडले आहे, याचा तक्ता येतो. त्याच आज्ञेपुढे ‘डिटेल’ जोडल्यास माहितीच्या मुदतीतली उरलेली वेळ दिसते. ती १२० वरून उतरत साधारण ९० पर्यंत येते आणि पुन्हा १२० होते. ती ६० च्या खाली जात असेल, तर मधल्या फ्रेम हरवत आहेत असे समजावे आणि ती वायर तपासावी. एकाच पोर्टवर दोन शेजारी दिसले, तर मध्ये एखादा साधा, कॉन्फिगर न होणारा स्विच दडलेला असण्याची शक्यता मोठी असते, कारण असे बरेच स्वस्त स्विच ही फ्रेम न अडवता पुढे सोडतात. आमच्या गोदामातला असा एक स्विच मला याच खुणेवरून पत्र्याच्या खोक्यामागे, सरकीच्या धुळीने माखलेला सापडला.

या तक्त्याची खरी किंमत मला काट्याच्या फायबरने पटवली. काटा आणि कार्यालय यांच्यामध्ये दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर यांना जोडणारे डबे) आहेत, आणि ते तांब्याच्या बाजूची जोडणी स्वतःच उभी ठेवत असल्यामुळे फायबर तुटले तरी स्विचच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. त्या दिवशी दोन्ही दिवे हिरवे होते आणि पावती मात्र निघत नव्हती. कार्यालयाच्या स्विचवर काट्याचा शेजारी दिसेना, म्हणून मी लॅपटॉप आणि तो स्विचला थेट जोडणारी कन्सोल केबल घेऊन काट्याच्या खोलीत गेलो. तेथे कार्यालयाचा स्विच तक्त्यात व्यवस्थित दिसत होता आणि त्याची वेळ दर ३० सेकंदांनी पुन्हा १२० होत होती. म्हणजे कार्यालयाकडून काट्याकडे प्रकाश येत होता, उलट दिशेने जात नव्हता. जोडीतला एकच धागा गेला आहे हे त्यावरून ठरले, आणि संपूर्ण केबल उकरण्याऐवजी आम्ही काट्याकडून पाठवणारा धागा तेवढा तपासला. जंक्शन पेटीत उंदराने तो कुरतडला होता. केबलमध्ये मोकळा धागा शिल्लक होता, त्यावर जोडणी फिरवली आणि काटा सुरू झाला. म्हणून नियम असा ठेवावा, की तक्ता नेहमी दोन्ही टोकांना पाहावा. एका टोकाचा तक्ता अर्धीच हकिकत सांगतो.

एलएलडीपीमध्ये समोरच्याची ओळख पडताळण्याची सोय नाही. जो वायर जोडेल त्याला स्विचचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि व्यवस्थापनाचा पत्ता आपोआप मिळतो. त्यामुळे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर आणि चालकांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या पोर्टवर ‘नो एलएलडीपी ट्रान्समिट’ आणि ‘नो एलएलडीपी रिसीव्ह’ या दोन्ही आज्ञा द्याव्यात. कॅमेऱ्यांच्या पोर्टवर मात्र घाई करू नये. पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच मिळणाऱ्या विजेवर चालणारे काही फिरते कॅमेरे ८०२.३एटी या त्याच्या मानकाप्रमाणे आपल्याला किती वीज हवी हे एलएलडीपीतूनच मागतात. तेथे तोंड बंद केले, तर असा कॅमेरा दिवसा ठीक चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच पुन्हा पुन्हा बंद पडू शकतो, आणि त्याचे कारण मग कॅमेऱ्यातच शोधत बसावे लागते.

कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा संगणक लिनक्सवर असेल, तर त्यावर ‘एलएलडीपीडी’ हे पॅकेज बसवावे, म्हणजे तोही तक्त्यात नावानिशी दिसतो आणि ‘एलएलडीपीसीएलआय शो नेबर्स’ या आज्ञेने आपण कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहोत हे स्वतः सांगतो. हे सगळे दिवाळीपूर्वी, कापूस यायला लागण्याच्या आधी उरकावे. प्रत्येक स्विचचा तक्ता कागदावर उतरवावा, एकेक वायर काढून त्या ओळीतला शेजारी दोन मिनिटांत नाहीसा होतो की नाही हे पाहावे, आणि तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवावा.