चालत होतं कोण? अ‍ॅडव्हर्ब क्लॉज छोटा करताना या चुका टाळा

‘व्हाइल वॉकिंग अलाँग द गोदावरी, द रेन स्टार्टेड.’

असलं वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की तपासणारा लाल पेन उचलतो, आणि नक्की चुकलं काय हे लिहिणाऱ्याला उमगत नाही. ‘व्हाइल’ आहे, ‘आयएनजी’ आहे, स्वल्पविरामही जागच्या जागी. पण या वाक्यात गोदावरीच्या काठाने पाऊस चालतोय.

‘व्हाइल’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’ अशा शब्दाने सुरू होणारं, स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेलं उपवाक्य म्हणजे अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग’चं ‘व्हाइल वॉकिंग’ केलं की तो छोटा होतो, म्हणजे त्याचा फ्रेज होतो. अशा छोट्या केलेल्या भागात कर्ता उरत नाही. वाचणारा तो मुख्य वाक्यातून घेतो. म्हणून दोन्हीकडे कर्ता एकच असेल, तरच क्लॉजचा फ्रेज करायचा. हा नियम क्लासमध्ये सगळ्यांना पाठ असतो. तरी पाय घसरतो, कारण आपली मराठी इथे सैल आहे. ‘गंगेवर (म्हणजे गोदाकाठी) फिरताना पाऊस आला’ हे नाशकात कुणालाही खटकणार नाही. ‘नाशिकरोडला उतरल्यावर बाबांचा फोन आला’ हेही चोख. उतरलो मी, आला फोन. ‘-ताना’ आणि ‘-ल्यावर’ला वेगळा कर्ता खुशाल चालतो, इंग्रजीतल्या फ्रेजला चालत नाही.

गंमत अशी की कसोटीही मराठीतच आहे. ‘-ऊन’ लावून बघा. ‘नाशिकरोडला उतरून मी रिक्षा केली’ बरोबर वाटतं. ‘नाशिकरोडला उतरून बाबांचा फोन आला’ म्हटलं की कान अडखळतो. जिथे अडखळला, तिथे इंग्रजीतही क्लॉज छोटा करू नका. (‘लग्न होऊन दहा वर्षं झाली’ अशी काळ मोजणारी वाक्यं या कसोटीतून वगळा.)

चूक सापडली की दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. मुख्य वाक्याचा कर्ता बदला: ‘व्हाइल वॉकिंग अलाँग द गोदावरी, आय गॉट कॉट इन द रेन.’ नाहीतर क्लॉज पूर्ण ठेवा: ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग…, द रेन स्टार्टेड.’ प्रश्नात ‘छोटं करा’ असं सांगितलेलं नसेल तर मी दुसरीच वाट धरायला सांगेन. पूर्ण क्लॉज लिहिण्यात कमीपणा कसला?

आता ‘बिकॉज’. ‘बिकॉज मिसिंग द पंचवटी एक्सप्रेस, ही वेंट बाय रोड’ हे सर्रास दिसतं. कारण सांगणारा क्लॉज छोटा करताना ‘बिकॉज’ गळतोच: ‘हॅविंग मिस्ड द पंचवटी एक्सप्रेस, ही वेंट बाय रोड.’ गाडी आधी चुकली, म्हणून ‘हॅविंग’. ‘सिन्स’ मात्र दुतोंडी. ‘तेव्हापासून’ या अर्थाने आला तर राहतो: ‘सिन्स मूव्हिंग टू नाशिक, शी हॅज वर्क्ड इन सातपूर.’ ‘कारण’ या अर्थाने आला तर जातो. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ ठेवा, विशेषतः ‘बिफोर’. तो काढला की आधीचं आणि नंतरचं यांची गल्लत होते. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज रीचिंग’ असं काही नसतं, ‘ऑन रीचिंग’ लिहा.

द्राक्षबागेवरच्या निबंधात हमखास येणारी चूक वेगळीच: ‘व्हेन प्रूनिंग इन ऑक्टोबर, द वाइन्स बेअर फ्रूट.’ म्हणजे गोडी छाटणी (फळांसाठीची ऑक्टोबरातली छाटणी) वेलींनीच केली! वेली छाटल्या जातात, म्हणून ‘व्हेन प्रून्ड इन ऑक्टोबर’. मूळ क्लॉज ‘व्हेन दे आर प्रून्ड’ असा होता. त्यातले ‘दे आर’ गेले, बाकी तसंच राहिलं. कर्ता काम करतो की त्याच्यावर काम होतं, एवढं विचारलं की ‘आयएनजी’ की क्रियापदाचं तिसरं रूप (‘प्रून्ड’सारखं) हे ठरतं.

नाव क्लॉजमध्ये असेल तर छोटं करताना ते मुख्य वाक्यात न्या. ‘बिफोर सुनीता लेफ्ट, शी लॉक्ड द शॉप’चं ‘बिफोर लीव्हिंग, सुनीता लॉक्ड द शॉप’ होतं. तिथे नुसतं ‘शी’ ठेवलं तर ती कोण? नकार असेल तर ‘नॉट’ ‘आयएनजी’ रूपाच्या आधी येतो: ‘नॉट नोइंग द रोड’.

आणि ‘जनरली स्पीकिंग’ किंवा ‘कन्सिडरिंग’ यांना हा कर्त्याचा नियम लावत बसू नका. ते आता ठरीव प्रयोग झालेत, तिथे बोलणारा कोण हे कुणी शोधत नाही.