−१९६ मोठी की −१८३? ऋण संख्यांची तुलना अशी करा

आधी चिन्हं बघा, आकडे नंतर. एक संख्या धन आणि दुसरी ऋण असेल तर धन संख्या मोठी. −५००० आणि २ यांत २ मोठी. शून्य कुठल्याही ऋण संख्येपेक्षा मोठं. दोन्ही संख्या धन असतील तर नेहमीसारखीच तुलना.

दोन्ही ऋण असल्या की मुलं अडखळतात, आणि बऱ्याचदा ते शिकवणाऱ्यामुळेच. ‘ऋण दिसलं की उलटं करायचं’ असं कृपा करून सांगू नका. मूल ते पाठ करतं आणि −३ व ८ यांतही उलटापालट करून −३ मोठी ठरवतं. ‘शून्याच्या जवळची ती मोठी’ हाही अर्धाच नियम. १०० पेक्षा −१ शून्याच्या कितीतरी जवळ आहे, म्हणून काय ती १०० पेक्षा मोठी? दोन्ही संख्या ऋण आहेत हे पाहिल्यावरच हे नियम लागू पडतात.

मी तर संख्यारेषाच काढायला लावते, तीही उभी. मधे शून्य, वर धन, खाली ऋण. वर असेल ती मोठी. द्रवरूप नायट्रोजन −१९६ अंश सेल्सिअसला उकळतो, ऑक्सिजन −१८३ अंशांना. −२०० अंशांवरची द्रवरूप हवा हळूहळू तापवली तर खालून वर चढताना आधी −१९६ लागतं, मग −१८३. म्हणून आधी मुख्यतः नायट्रोजन उकळून निघून जातो; हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे कारखाने याच फरकाचा उपयोग करतात. तेव्हा −१८३ मोठी. १९६ हे शून्यापासूनचं अंतर, म्हणजे केवल मूल्य. अंतर जास्त म्हणजे संख्या मोठी, हा समज इथेच मोडायला हवा.

दशांश आले की जास्त सावध राहा. −२.५ आणि −२.४५ यांत ‘४५ मोठे, म्हणून −२.४५ मोठी’ असं मूल म्हणतं. उत्तर बरोबर, पण दोन चुका करून आलेलं! २.४५ ही २.५ पेक्षा मोठी नाही, आणि ऋण संख्यांत क्रम उलटतो हेही त्याला सुचलेलं नाही. वहीत बरोबरची खूण करण्याआधी ‘कसं काढलंस?’ हे विचाराच. दशांशस्थळं सारखी करून घ्या: २.५० आणि २.४५. आता −२.५० रेषेवर खाली, म्हणून लहान.

अपूर्णांकांचे छेद आधी समान करा. −३/४ म्हणजे −९/१२ आणि −२/३ म्हणजे −८/१२, −२/३ मोठी.

शंका राहिली तर पहिलीतून दुसरी वजा करा. (−४) − (−९) = ५, उत्तर धन आलं, म्हणजे पहिली मोठी. ऋण आलं तर दुसरी.

चढता क्रम लावायचा तर ऋण संख्या वेगळ्या काढा आणि सर्वांत जास्त केवल मूल्याची सर्वांत आधी लिहा: −७, −२.५, −२.४५, ०, ३.