रब्बीचं कर्ज उचलण्याआधी: मंडळाचा पाऊस, जमिनीतली ओल आणि विहिरीचा उपसा

सप्टेंबर संपत आला की सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची पेरणी आणि सोसायटीतली कर्जमागणी बरोबरच सुरू होते. पेरणी ओल बघून होते, कर्जाचा आकडा मात्र गेल्या वर्षीच्या भावावर ठरतो. बँकेचं पीककर्ज पिकाच्या हेक्टरी दरावर मंजूर होतं. तुमच्या विहिरीला जानेवारीत पाणी राहील का, हे त्या दरात कुठेच धरलेलं नसतं. ते आपणच धरायचं.

पावसापासून सुरुवात करा. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साधारण ५४५ मिमी सांगितली जाते. पण सरासरी गाठली म्हणून तुमच्या महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, तेवढा पडला असं नाही. महारेन या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. जितक्या वर्षांचा मिळेल तितका वहीत उतरवा, जुना मंडळाचा नसेल तर तालुक्याचा घ्या. तीन रकाने पुरतात: १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबरचा एकूण पाऊस, त्यातला सगळ्यात लांब खंड (सलग कोरडे दिवस), आणि त्या वर्षी विहीर कोणत्या महिन्यात तळाला गेली. तिसरा रकाना कुठल्याच संकेतस्थळावर नाही, तो घरातल्या मोठ्यांना विचारून भरावा लागतो. आपल्याकडे पावसाचा खरा महिना सप्टेंबर. जून-जुलै कोरडे गेले म्हणून रब्बीवर फुली मारू नका आणि जून चांगला झाला म्हणून हुरळूनही जाऊ नका. एकाच दिवसात ९० मिमी कोसळला तर मुरमाड रानातून बराचसा ओढ्याला जातो, म्हणून तो पूर्ण धरायचा नाही.

मग रानात दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या, मुरूम लागेपर्यंत. काळी माती दर सेंटिमीटर खोलीला ढोबळमानाने दीड मिमी ओल पिकाला देते. म्हणजे ६० सेंमी खोलीचं रान पूर्ण भिजलं असेल तर ९० मिमी शिल्लक, वरची ३० सेंमीच ओली असेल तर ४५. मूठभर माती दाबून लाडू होतो का, हे प्रत्येक १५ सेंमीला बघा. कोरडवाहू ज्वारीचं वाण या खोलीवरच ठरवा: हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी रानात फुले वसुधा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, हेक्टरी १० किलो बियाणं. लवकर पेरली तर खोडमाशी, उशिरा पेरली तर कणीस भरताना ओल संपते. ओल अर्धीच असेल तर खतावरचा खर्च आधी कमी करा, कोळपण्या मात्र तिन्ही करा. कोळपणीने भेगा बुजतात आणि ओल टिकते.

बागायती पिकासाठी विहीर मोजायची. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. एक एकराला ५ सेंमीचं एक पाणी द्यायला २ लाख लिटर लागतं. आता पंप चालवून पाणी दोन मीटर खाली घ्या आणि पातळी पूर्ववत यायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. दिवसाला दोन मीटर भरत असेल तर ५६,००० लिटर, म्हणजे साडेतीन-चार दिवसांत एकर भिजतो. कांद्याची पाळी आठ-दहा दिवसांची धरली तर दोन एकर निघतात. पण हा वेग ऑक्टोबरचा झाला. जानेवारीत तोच दिवसाला अर्ध्या मीटरवर आला तर एका एकराला १४ दिवस लागतील आणि नेमका तेव्हाच कांदा पोसत असतो. जानेवारीचा वेग कधी मोजला नसेल तर दोन एकरांऐवजी एकाच एकराचं कर्ज मागा. गावातल्या निरीक्षण विहिरीची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा घेते. ऑक्टोबर ते जानेवारी किती मीटर घट होते हे तिथे विचारता येतं.

कालव्यावरच्यांनी ‘उजनी शंभर टक्के’ हा मथळा नीट वाचावा. ही टक्केवारी जिवंत साठ्याची, म्हणजे सुमारे ५३.५ टीएमसीची (अब्ज घनफूट). त्याखाली ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळातलं पाणी, आहे, म्हणून तर धरण ‘उणे’ जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, कालवा सल्लागार समितीत ठरतात. जाहीर न झालेल्या उन्हाळी आवर्तनावर उसाचं कर्ज उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातल्या पैशावर बाजार करणं.

आता पैसे. समजा एकरी कांद्याला ६५,००० रुपये खर्च, चांगल्या वर्षी ६५,००० नफा आणि पाणी तुटलं तर सगळा खर्च बुडाला. तुमच्या वहीत दहापैकी तीन वर्षं विहीर जानेवारीत आटलेली आहे. सरासरी काढली तर वर्षाला २६,००० नफा दिसतो आणि इथेच माणूस फसतो. हप्ता सरासरीने भरता येत नाही. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला राज्यात व्याजाची पूर्ण सवलत मिळते, एक वर्ष चुकलं की ती जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. म्हणून कर्ज तेवढंच घ्या जेवढं वाईट वर्षीची ज्वारी, कडबा आणि दूध यातून फिटेल. त्यातून अर्ध्या एकराचाच खर्च फिटत असेल तर अर्धा एकर कांदा आणि बाकीच्या रानात हरभरा, एवढंच झेपतं. कडबा हिशेबात धरायला बरेच जण विसरतात, दुष्काळी वर्षी तोच जास्त पैसे देतो.

विम्याचंही तसंच. राज्यात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद आहे, रब्बी अन्नधान्याला विमा रकमेच्या दीड टक्का, कांद्यासारख्या नगदी पिकाला ५ टक्के शेतकरी हिस्सा असतो. भरपाई पीक कापणी प्रयोगातून (निवडक रानांत कापून मोजून) येणाऱ्या मंडळाच्या उत्पादनावर ठरते. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याखाली गेलं की भरपाई सुरू होते तो आकडा, हेक्टरी ८०० किलो असेल आणि प्रयोगात ६०० आलं तर विमा रकमेच्या २५ टक्के मिळतात, तुमच्या एकट्याच्या रानात काहीही झालं तरी. ई-पीक पाहणीत (मोबाईलवरच्या सरकारी पीकनोंदीत) नोंदवलेलं आणि विम्यातलं पीक एकच हवं. विमा भरायची मुदत ज्वारीची साधारण ३० नोव्हेंबर, हरभरा-कांद्याची १५ डिसेंबर.

डाळिंब-द्राक्षाच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीचा जोडविमा सोडला तर कोणी बागेत येत नाही, पैसे मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर मिळतात. केंद्र दहा-बारा किलोमीटरवर असेल तर बागेत सरळ भिंतीचं पर्जन्यमापक लावा, रोज सकाळी साडेआठला मिमीत वाचा आणि महिन्याने केंद्राच्या आकड्याशी ताडून बघा. तुमची नोंद दाव्यात चालणार नाही. पण दोन हंगाम मोठा फरक दिसला तर त्या विम्यावर कितपत विसंबायचं ते कळेल. विम्याला जाणारी रक्कम मग कर्जाच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेली बरी.