कोनफळ पोसत नाही? पाऊस कमी पडला म्हणण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात वेल पिवळा पडतो, आपण मोठ्या आशेने कुदळ घालतो आणि हाती येतं मुठीएवढं कोनफळ. मग वाक्य ठरलेलं: "यंदा पाऊस कमी पडला." कोकणात बसून हे म्हणायला धाडसच लागतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सरासरी २८०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. कोनफळाला अख्ख्या हंगामात त्याच्या निम्माच पुरतो, साधारण १२०० ते १५०० मिलीमीटर. फक्त तो सहा-सात महिन्यांत विभागून हवा, आणि आपला पाऊस चार महिन्यांत सगळं ओतून मोकळा होतो. कमी पडतं ते ऑक्टोबरातलं पाणी. पण त्याकडे नंतर येतो.

आधी एक गोंधळ. कोनफळ या कंदाचं इंग्रजी नाव म्हणून मोबाईलवर 'याम' शोधलं की आपल्याकडे बरीचशी माहिती सुरणाची निघते, आणि अमेरिकेतली असेल तर चक्क रताळ्याची. सुरण अळूच्या कुळातलं. कोनफळ, कणगर आणि करांदा ही तिघं वेगळ्याच कुळातली वेलवर्गीय भावंडं. त्यामुळे सुरणाचं पाण्या-खताचं वेळापत्रक कोनफळाला लावू नका.

मृगाची वाट पाहणं

भाताची पेरणी मृगावर, म्हणून कंदही मृगावर, अशी आपली सवय. पण कोनफळाच्या तुकड्यात स्वतःची शिदोरी असते. मे अखेरीस जमिनीत गेला तर वळवाच्या दोन सरींवर कोंब येतो. घाई एवढ्यासाठी की दिवस लहान होऊ लागले की वेल कंद पोसण्याकडे वळतो. तोवर त्याचा पाला किती झाला याची तो वाट पाहत नाही. उशिरा उगवलेला वेल थोड्या पानांनिशीच त्या टप्प्यावर पोचतो. मग नंतर कितीही शेणखत घाला, कंद लहानच राहतो. २०२५ साली मुंबईत मान्सून २६ मे रोजीच पोचला. त्या वर्षी नक्षत्र पाहत बसलेल्यांना चिखलात लागवड करावी लागली.

याच्या उलट चूकही होते. मेच्या मध्यावर तुकडे पुरले आणि वर काहीच घातलं नाही, तर जांभ्याची जमीन इतकी तापते की तुकडा सुकतो किंवा आतल्या आत शिजतो. कोंब का आला नाही म्हणून उकरून पाहिलं की पिचपिचीत लगदा. लागवड झाली की त्याच दिवशी वर पालापाचोळ्याचा किंवा पेंढ्याचा जाड थर द्या. जगातलं निम्म्याहून अधिक 'याम' पिकवणाऱ्या नायजेरियातले शेतकरी मातीच्या ढिगाऱ्यावर वाळल्या गवताची टोपी घालतात, तेही उन्हापासून बियाणं वाचवायलाच. कोनफळाचा तुकडा २५० ते ३०० ग्रॅमचा घ्या. कणगराला १०० ते १५० ग्रॅम पुरे. कापलेली बाजू राखेत घोळवून सावलीत सुकवा.

खड्डा खड्डाच ठेवणं

ही चूक माझी स्वतःची. पहिल्या वर्षी दीड फुटाचे सुबक खड्डे काढले, अर्धेच भरले आणि आळं म्हणून कौतुकाने तसेच ठेवले. खाली कातळ. जुलैत त्या आळ्यांत बेडूक ओरडत होते. निम्मे तुकडे कुजले. शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "भात लावलास काय रे?" खड्डा माती आणि कुजलेल्या शेणखताने पूर्ण भरून वर वीतभर उंचवटा करा आणि पाण्याला उताराच्या बाजूने वाट काढून द्या.

वेल जमिनीवर सोडणं

कोंब दिसल्यापासून पंधरा दिवसांत वेल काठीवर चढायला हवा. जमिनीवर लोळणाऱ्या पानांवर मातीचे शिंतोडे उडतात, पानं वाळत नाहीत, आणि संततधारेत करपा शिरतो. कणगरापेक्षा कोनफळ याला लवकर बळी पडतं. पानांच्या शिरा काळ्या पडून शेंडा जळाल्यासारखा दिसला तर तो करपा. तो भाग काढून वाडीबाहेर न्या, आणि पुढच्या वर्षी त्या वेलाचं बियाणं ठेवू नका. ऑगस्टात पानं खालून पिवळी पडून वेल मलूल झाला तर बहुधा मुळाशी पाणी साचलंय. डिसेंबरातला पिवळेपणा मात्र पक्वतेचा, त्याला औषध शोधू नका.

ऑक्टोबरात वेलाकडे पाठ फिरवणं

खरं नुकसान इथे होतं. पाऊस परतलेला, सगळं घर भातकापणीत गुंतलेलं, आणि वेल हिरवागार दिसतो म्हणून कोणी तिकडे फिरकत नाही. पण नेमका याच काळात पानांतला साखरपाक कंदात उतरत असतो. या पिकाला मानवतं २५ ते ३० अंश तापमान. ऑक्टोबर हीटमध्ये पारा ३४-३५ वर जातो आणि जांभ्याची माती आठवड्याभरात कोरडी पडते. ऊन आणि कोरडी माती एकत्र आली की पानं आपली छिद्रं मिटून घेतात, आणि कंद पोसणं तिथेच अडतं. नुसतं ऊन असेल आणि मुळाशी ओल असेल तर वेल बराच तग धरतो.

दुपारी पानं मान टाकतात, त्याने घाबरू नका. संध्याकाळीही ती मान वर करत नसतील तर पाणी हवंय. आठवड्यातून एकदा, उथळ जमिनीत चार दिवसांनी, ओल वीतभर खाली पोचेल इतकं द्या. हे नोव्हेंबर अखेरपर्यंत चालू ठेवा आणि पानं पिवळी व्हायला लागली की थांबवा.

मात्र कॅलेंडर बघून पाणी सोडू नका. २०१९ साली मान्सूनची देशातून माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, आणि महिनाअखेरीस 'क्यार' चक्रीवादळाने पुन्हा पाऊस आणला. अशा वर्षी ठरल्या दिवशी पाणी देणं म्हणजे कंद कुजवणं. बोट मातीत खुपसून बघा, एवढाच यंत्राचा खर्च.

आणि या काळात युरिया नको. वेल डौलदार होईल, पण कंद होणार नाही.

घाईने काढणं, चुकीच्या जागी ठेवणं

संक्रांतीच्या सुमारास उंधियू या गुजराती भाजीसाठी जांभळ्या कोनफळाला गिऱ्हाईक असतं, म्हणून काहीजण हिरव्या वेलाखालीच खणतात. असा कंद पाणचट लागतो आणि टिकतही नाही. वेल बराचसा सुकला की काढा. बियाण्याचे कंद पत्र्याखालच्या तापणाऱ्या खोलीत ठेवले तर मार्चपर्यंत सुरकुततात. हवेशीर सावलीत, एकावर एक न रचता ठेवा. फ्रिज तर नकोच, १२ अंशांच्या खाली हा कंद आतून काळा पडतो. फेब्रुवारीत कोंब दिसत नाही म्हणून टाकूनही देऊ नका. काढल्यावर दोन-तीन महिने तो झोपेतच असतो.